मागून येणारा हात

"वायरवाला नको," मी म्हटलं, आणि तेवढ्यात माझ्या कडेवरच्या जुईनं काउंटरवरून लोंबणारी हेडफोनची वायर दोन्ही मुठींत धरून थेट तोंडात घातली.

दुकानदार हसला. "रेकॉर्डिंगवाले हाच नेतात, ताई."

"का?"

"ते नाही माहीत. पण नेतात एवढं खरं. नुसती गाणी ऐकणारे तो दुसरा नेतात, ब्लूटूथवाला. आवाज दोन्हींचा एक नंबर आहे."

"मग तोच द्या. ही घरात वायर टिकू देत नाही. परवा मोबाइलचा चार्जर खाल्ला हिनं."

"खाल्ला?"

"चावून काढला हो," माझा नवरा संदेश म्हणाला. "खाल्ला असता तर बरं झालं असतं, निदान जेवणाचं तरी भागलं असतं. जेवायच्या नावानं बोंब आहे नुसती."

मी त्याला कोपर मारलं. कोल्हापूरच्या त्या दुकानात आम्ही सकाळपासून उभे होतो. जुई माझा खांदा चिंब करत होती, संदेशला दुपारच्या पाळीला डेअरीत पोचायचं होतं, आणि माझ्या पायांना एका जागी उभं राहवत नव्हतं. पॅड घेतला होता. पाटीएवढा, वर रबराचे चौकोन. बोट टेकलं तरी आवाज काढणारा. लॅपटॉपला जोडायची डबी घेतली होती. राहिला होता हेडफोन. तो एकदा घेतला की मग सबब उरणार नव्हती, आबांनाही आणि मलाही.

"हाच," मी म्हटलं. काळा, गुबगुबीत, बिनवायरचा. जुईनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

*

आबा म्हणजे माझे वडील, सुदाम लोंढे. जन्म गेला तमाशाच्या फडात ढोलकी वाजवण्यात. आमच्या भागातल्या जत्रांमध्ये नाचणारीचं नाव लोक विसरायचे, पण ढोलकीला लोंढे आहे का, हे आधी विचारायचे. आई गेली आणि वर्षभरातच त्यांना लकवा झाला. डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, पाय काठीवर परत आला, डावा हातसुद्धा हळूहळू परत आला. उघडायचा, मिटायचा, वाटी धरायचा. फक्त उशिरा. मनानं सांगितलं की उजवा निघायचा, आणि डावा जरा थांबून, विचार करून निघाल्यासारखा मागून यायचा.

मी त्यांना इस्लामपूरला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी राहायचं त्यांना फार जड जात होतं. पाणी मागायचं तरी आधी घसा खाकरायचे. संदेश त्यांना "मामा, टीव्ही लावू का?" विचारायचा, तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, तुमचं लाइटबिल कशाला?" ढोलक्या त्यांनी गोधडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मी लग्नाआधीपासून लॅपटॉपवर गाण्यांची कापाकापी करायची. शाळांची गॅदरिंग असली की बाई-मास्तर यायचे. या गाण्याचं एक कडवं, त्या गाण्याचं दुसरं, मध्ये टाळ्या, शेवटी फटाके. जुई झाल्यावर तेही सुटलं होतं. तेवढ्यात हायस्कूलचे कुंभार सर आले. दर वर्षी हौशी स्पर्धेत नाटक उतरवणारे. त्या वर्षीच्या नाटकात म्हातारी झालेली एक नाचणारी पुष्कळ वर्षांनी रिकाम्या तंबूत परत येते, आणि चालत चालत स्टेजच्या मध्यावर जाऊन उभी राहते. बोलत काहीच नाही. मागं फक्त ढोलकी.

"तुझ्या वडिलांची ढोलकी मिळाली तर सोनं होईल, उज्ज्वला," सर म्हणाले. "पण त्यांची तब्येत अशी. नाही जमलं तर तयार ठेका टाकू. कॉम्प्युटरवर पुष्कळ मिळतात. प्रेक्षकाला काय कळतंय?"

आबा आतल्या खोलीत होते. दार अर्धं उघडं होतं. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या खोकण्यावरून कळलं.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. खऱ्या ढोलकीवर डाव्या हाताचा तो घुमणारा नाद काढायचा तर तळव्यानं कातडं दाबत न्यावं लागतं. तेवढा जोर आता त्या हातात येणार नव्हता. पण पॅडला जोर लागत नाही. फडाच्या एका जुन्या रेकॉर्डिंगमधून आबांचे सुटे सुटे ठोके मला कापून काढता येत होते, एकेक चौकोनाला एकेक नेमून देता येत होता. मग त्यांनी नुसतं बोट टेकलं तरी त्यांचाच, धट्ट्याकट्ट्या दिवसांतला ठोका वाजणार.

जुईला पाजताना मी मोबाइलवर हेच बघायची. कोणतं सॉफ्टवेअर, कोणता पॅड. एकात इतकी बटणं की विमान हाकतोय असं वाटावं. एक फुकटातलं होतं, पण सेव्ह केलेलं पुन्हा उघडताना रुसायचं. संदेशच्या मित्रानं चोरीचं एक आणून दिलं. त्यानं लॅपटॉपची घड्याळासकट सगळी भाषाच बदलून टाकली. शेवटी निवडलं ते साधं होतं. डाव्या हाताचे ठोके एका पट्टीवर, उजव्याचे दुसऱ्या पट्टीवर, रंगीत ठिपक्यांसारखे दिसायचे. बघितलं आणि वाटलं, हे आबांना दाखवता येईल.

"ह्येच्यात कातडं कुठं हाय?" पॅड बघून आबा म्हणाले.

"कातडं नाही. पण आवाज तुमचाच आहे." मी लॅपटॉपच्या स्पीकरवरच एक चौकोन दाबून दाखवला. नाद खोलीभर घुमला. आबांची मान एकदम वर आली.

"ह्यो नाशकाकडं वाजवल्याला," ते म्हणाले. "थंडी हुती. ढोलकी शेकून घेतली हुती तवा."

एका ठोक्यावरून! मी जुईला उचलून तिचे गालच्या गाल चावले.

*

दुपारी जुई झोळीत झोपली, तेव्हा आम्ही बसलो. तिला जाग येऊ नये म्हणून मी नवा हेडफोन आबांच्या कानांवर चढवला. टोपी काढावी लागली. पांढऱ्या केसांवर ते काळं गुबगुबीत यंत्र बघून मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी पॅडला हात लावून तो कपाळाला लावला, तसं ते फडातही करायचे, आणि बोटं झटकली.

मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

मला काही ऐकू येत नव्हतं. रबरावर बोटांची टकटक तेवढी. उजवा निघाला, डावा मागून आला, ते अपेक्षितच होतं. पण दोन-चार ठोक्यांतच उजवा अडखळला. थांबला. पुन्हा निघाला. आबांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून दाबून बघितली. मग पुन्हा सुरुवात केली. या वेळी तर उजवा असा भरकटला, की मला रबरावरची ती टकटकसुद्धा ऐकवेना.

त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला.

"बास."

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई. ठेव त्ये."

"पहिल्यांदाच आहे, जरा सवय..."

"उज्जे, ठेव म्हनलं न्हवं?"

त्यांनी टोपी घातली, काठी घेतली, आणि बाहेर गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. त्या संध्याकाळी जेवताना ते संदेशला म्हणाले, "जावईबापू, आमच्या फडातल्या संपतला फोन लावा. ढोलक्या घेऊन जा म्हणावं. पोरगा चांगला वाजिवतो. पलंगाखाली वाळवी लागंल."

संदेशनं माझ्याकडे बघितलं. मी जुईच्या तोंडात वरणभाताचा घास घालत होते, तो तिच्या नाकाला लागला.

"रविवारी लावतो, मामा," संदेश म्हणाला. "संपत आता जत्रेत असेल."

"रविवारी तर रविवारी."

कुंभार सरांनाही मी रविवारचाच वायदा केला होता.

*

मी रेकॉर्डिंग उघडून बघितलं. डाव्या हाताचे ठिपके उशिरा होते, पण सगळे सारखेच उशिरा. उजव्याचेच विस्कटले होते. एक पुढं, एक मागं, एक कुठंतरी भलतीकडेच, सांडलेल्या मोहरीसारखे. उजवा हात. ज्याला काही झालेलंच नव्हतं.

मी संदेशला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, उजवापण जातोय त्यांचा."

"काहीतरीच काय! सकाळी त्यांनी नारळ फोडलाय त्या हातानं."

"मग हे काय आहे?"

त्यानं पडद्याकडे बघितलं. त्याला ठिपके दिसले; मला जे दिसत होतं ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. पण माझं तोंड बघून तो दुसऱ्या दिवशी आबांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बोटं दाबायला लावली, नाकाला लावायला लावली, डोळे मिटून हात पुढं धरायला लावला. उजव्याला काहीही झालेलं नाही म्हणाले.

"बघा," संदेश रिक्षात म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला ठेका कळतो व्हय?" आबा म्हणाले.

मग आबा पाणीही मागेनात; स्वतः उठून घ्यायचे, तेही डाव्या हातानं, सांडत. उजवा हात ते मांडीखाली घालून बसायचे. मी भाजी चिरताना उठायची, लॅपटॉपशी जायची, परत यायची. जुई मागं मागं रांगत. दुधाचं भांडं उतू गेलं, इस्त्री तशीच तापत राहिली. संदेश म्हणाला, "एका जागी बस तरी." बसले तर पाय हलायला लागायचे.

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की विस्कटलेले सगळे ठोके आपापल्या घरात जाऊन उभे राहतात, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे. मी ते दाबलं. डावा सरळ, उजवा सरळ. मग लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेले आणि स्पीकरवर त्यांना ऐकवलं. ऐकताना त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, जमलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "कोण हाय वाजिवणारा?"

"तुम्हीच, आबा. परवाचंच."

"न्हाई गं." ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, मी लहानपणी शाळेतून रडत आले की बोलायचे तसे. "ह्यो दमतच न्हाई कुठं. तुझ्या मास्तरांचा तयार ठेका म्हनत्यात, त्योच ह्यो. त्योच दे त्यांना. उगा माझ्यापायी जिवाला घोर लावून घेऊ नगंस. पोरीकडं बघ."

*

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. जुई स्वतःचं दप्तर स्वतः भरते. पण ती शनिवारची दुपार मला अजून कडेवरच्या मुलासारखी अंगाला लागून आठवते.

मी हरले होते. कुंभार सरांना पाठवायला एक तयार ठेका मी शोधून ठेवला होता आणि आबांची झोपमोड नको म्हणून हेडफोन लावून तो शेवटचा ऐकायला बसले होते. पॅड शेजारीच पडला होता, जोडलेला. जुई टेबलाची कड धरून उभी राहिली. तेव्हा ती नुकती उभी राहायला शिकली होती. उभी राहिली की आता काय करायचं, हे तिला कळायचं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, आणि हात उचलून पॅडवर थाप मारली.

तिचा हात पडला.

आणि मग माझ्या कानात ढोलकी वाजली.

मी तशीच बसून राहिले. जुईनं पुन्हा थाप मारली. हात खाली, रबर दबलेलं, तिचं तोंड उघडं. आणि ते सगळं होऊन गेल्यावर आवाज. लांब शेताच्या कडेला कुणी धुणं आपटतं, तेव्हा कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तसा.

मी हेडफोन काढला. तो बंद केल्यावर लॅपटॉपचा स्पीकर आपोआप सुरू झाला. जुईचा हात धरून थाप मारली. हात आणि आवाज एकत्र. हेडफोन चालू केला, कानाला लावला, थाप मारली. आवाज मागं.

एवढ्याशा हवेतून येताना तो रस्त्यात कुठंतरी रेंगाळत होता. गाणं ऐकणाऱ्याला त्याचं काय! गाणं जरा उशिरा सुरू झालं तर कोण बघतंय? पण आपल्याच हाताचा ठोका जर आपल्याच कानाला उशिरा पोचला...

"आबा!" मी ओरडले. जुई दचकून मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिला काखेत मारून मी गॅलरीत धावले. "आबा, उठा. आत चला."

"काय झालं? पडली का पोरगी?"

"नाही. चला. तुमचा हात चांगला आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा उतरला. "डॉक्टरचं पुराण नगं पुन्यांदा."

"डॉक्टर नाही. हा हेडफोन लबाड आहे. चला म्हणते ना!"

"मला काय दावू नगंस, उज्जे. मला समजलंय त्ये समजलंय. तीस-पस्तीस वर्सं ह्या हातानं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मांडीखालचा उजवा हात आणखी आत सरकवला.

मग मी लॅपटॉप आणि पॅड गॅलरीतच आणला, त्यांच्या पुढ्यात स्टुलावर मांडला. त्यांची टोपी काढली, ते नको नको म्हणत असताना हेडफोन डोक्यावर चढवला, आणि जुईला पॅडसमोर उभी केली.

जुई काही वाजवेना. ती रडं विसरून आजोबांकडे टक लावून बघत राहिली. असं डोकं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"वाजव बाळा. थाप मार. अशी." मी हवेत हात मारून दाखवला. तिनं टाळ्या वाजवल्या. "टाळ्या नव्हे गं माझी राणी, इथं." तिनं खाली बसून स्टुलाचा पाय चाखला. खालच्या मजल्यावरच्या माने काकू अंगणातून वर बघून म्हणाल्या, "काय गं, पोरीला आत्तापास्नं फडात धाडतीयास काय?"

"काकू, थांबा जरा!"

आबांनी हेडफोन काढायला हात वर नेला, आणि त्याच क्षणी जुईनं उठून, सगळ्या अंगाचा भार टाकून, दोन्ही तळव्यांनी थाप हाणली.

आबांचा हात हवेतच थांबला.

त्यांनी जुईच्या हातांकडे बघितलं. ती आता रंगात आली होती. थाप, थाप, थाप. ते पुढं वाकले. डोळे बारीक करून तिचे तळवे बघत राहिले. मग हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. एका कानानं रबराची टकटक, दुसऱ्यानं ढोलकी. मांडीखालून उजवा हात बाहेर आला. त्यांनी एकच बोट उचललं आणि कोपऱ्यातल्या चौकोनावर टेकवलं.

"ह्ये मागं हाय," ते म्हणाले.

"हो."

"मी न्हाई."

"तुम्ही नाही, आबा."

मग आपल्या उजव्या हाताकडे बघून, मी तिथं नाहीच अशा सुरात म्हणाले, "उगा बोल लावला रं तुला."

मी जुईला उचलून तिच्या फ्रॉकमध्ये तोंड लपवलं.

*

त्याच संध्याकाळी संदेश बाजारातून वायरवाला हेडफोन घेऊन आला. वायर त्यानं खिडकीच्या गजावरून, भिंतीवरच्या खिळ्यावरून, थेट छताजवळून फिरवून आणली. "आता हिला शिडी लागेल," तो म्हणाला. त्याच वायरीला त्यानं फाटा जोडून दिला, म्हणजे मलाही दुसरा हेडफोन लावून आबांच्या बरोबर ऐकता यावं.

आबा बसले. उजव्यानं पहिला ठोका टाकला, आणि तो असा चोख, असा कडक पडला, की त्यांचे ओठ हलले. कुणाला तरी शिवी दिली असावी, लाडाची. दुसरा, तिसरा. उजवा सुटला. लहानपणी मी कनातीच्या मागं गोधडीत पडून ऐकायची, तोच. मी वर बघितलं तर संदेश दारात उभा. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण तो आबांच्या चेहऱ्याकडे बघून हसत होता.

मग डावा आला. मागून.

आबा थांबले. पुन्हा वाजवलं. उजवा पळायचा, डावा धापा टाकत मागं. जागेवर पोचेपर्यंत उजवा पुढच्या ठोक्यावर गेलेला. आता हेडफोनचा दोष नव्हता. जे होतं, ते खरं होतं.

"डावा हाय तिथंच हाय," आबा म्हणाले.

मी हे कधीपासून मनात धरून होते. "आबा, हे बघा." मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "डाव्याची पट्टी वेगळी आहे. सगळे ठोके सारखेच मागं आहेत. मी ही पट्टी धरून एवढी, एवढीशीच पुढं ओढते. बाकी कशाला हात नाही लावत. ठोके तुमचे, जोर तुमचा. कुणाला कळणार नाही."

मी माउसनं पट्टी धरली. त्यांनी पडद्याकडे बघितलं. हिरवे ठिपके, त्यांच्या मागं केशरी ठिपके. खूप वेळ बघितलं.

"ह्यो डावा?"

"हो."

"किती लांबनं येतोय बिचारा," ते म्हणाले. मग हिरव्यांकडे बोट केलं. "आन् ह्यो कशापायी पळतोय?"

"तो बरोबर आहे, आबा. तो तालात आहे."

"ताल कुणी ठरिवला? म्याच न्हवं? ह्येला थांबायला काय झालंय?" त्यांनी माझा हात माउसवरून बाजूला केला. "वढू नगंस त्येला. सोड. दाब तुझं बटन."

मी बटण दाबलं.

त्यांनी उजवा ठोका टाकला आणि हात तसाच वर धरला. मला वाटलं, विसरले. डावा निघाला, आला, आपल्या जागेवर पूर्ण बसला, त्याचा नाद खाली उतरत उतरत विरला. आणि तेव्हाच उजवा पुन्हा पडला. जन्मभर त्यांनी नाचणारीच्या पायांना दम खाऊ दिला नव्हता. इतकं संथ त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत माणसाला मागं वळून बघता आलं असतं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. उजव्याची खोड जाईना, तो अधूनमधून पळायचाच, आणि आबा त्याला दटावायचे, "थांब रं. येतोय त्यो." झोळीत जुई उठून बसली होती. तिला कुणी घेतलं, मला आठवत नाही.

*

रविवारी हायस्कूलच्या हॉलमध्ये तालीम होती. आबा येणार नाहीत असंच मी धरून चालले होते. पण आम्ही निघालो तर ते इस्त्रीचा सदरा घालून पायऱ्यांवर काठी टेकत उभे. हॉलमध्ये मागच्या बाकावर बसले. कुंभार सरांनी लांबूनच नमस्कार केला, तो त्यांनी मानेनंच घेतला.

म्हातारी नाचणारी करणाऱ्या शैलजाताई बँकेत नोकरीला होत्या. कासोटा घालून, कमरेला पदर खोचून त्या विंगेत उभ्या राहिल्या. मी लॅपटॉप हॉलच्या स्पीकरला जोडला आणि ठेका सोडला.

शैलजाताई निघाल्या. झपझप चालत मध्यावर पोचल्या, तरी ढोलकीचे दोन-तीनच ठोके पडले होते. त्या उभ्या राहून सरांकडे बघायला लागल्या.

"थांबव, थांबव," सर म्हणाले. ते माझ्याजवळ आले, आवाज खाली घेऊन. "नाद सुरेख आहे गं. पण फार संथ आहे. प्रयोग झोपेल. जरा वेग वाढव ना. कॉम्प्युटरवर होतं की ते."

होत होतं. एक आकडा बदलला की झालं. माझं बोट त्यावर होतंच. मी मागं वळून बघितलं नाही. बघवलं नाही.

"मास्तर," मागच्या बाकावरून आवाज आला. खाकरणं नाही, काही नाही. फडाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज. सगळा हॉल वळला. "ठेका पळायचा न्हाई. बाईंना सांगा, हळू चाल म्हणावं."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे बघितलं. मी आकड्यावरचं बोट काढून घेतलं.

"शैलजाताई," सर म्हणाले, "पहिल्यापासून. हळू."

त्या विंगेत परत गेल्या. मी ठेका सोडला. उजवा पडला. शैलजाताईंनी पाऊल उचललं, आणि आता कुठं टेकायचं हे न कळून ते तसंच अधांतरी धरलं. त्यांचा तोल जरासा गेला. एक हात आधाराला हवेत पसरला. रिकाम्या तंबूत पुष्कळ वर्षांनी आलेली म्हातारी बाई, एका पायावर, थांबलेली.

आणि मग डावा आला.